पार्श्वभूमी : ग्राफिक्स ड्रायव्हरची मेमरी आणि एआयचा रिव्ह्यू

लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी येणारे पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) एआयकडून वाचून घेण्याला सुरुवात झाली आहे. वाद उरलाय तो त्या वाचनाला गुण कसे द्यायचे याचा. सांगलीत विश्रामबागला आम्ही चार-पाच जण रविवारी ग्राफिक्स ड्रायव्हरचे (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या कोडचे) पॅच घेऊन बसतो, तिथेही दर वेळी याच मुद्द्यावर गाडी अडते. मुद्दा कळायचा तर २००८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. कार्डाच्या मेमरीचं वाटप बरंचसं एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारा कर्नलबाहेरचा प्रोग्रॅमच बघायचा. मग कर्नलमध्येच ते काम आणण्यासाठी दोन रचना समोरासमोर आल्या, टीटीएम आणि जीईएम. टीटीएममध्ये स्वतःची वेगळी मेमरी (व्हीरॅम) असलेल्या कार्डांचाही विचार होता, म्हणून ती अवजड. जीईएम मुख्य रॅममधूनच भागवणाऱ्या चिपसाठी लिहिलेली, म्हणून सुटसुटीत. जीईएम डिसेंबर २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२८ आवृत्तीबरोबर आली, टीटीएम २००९ मध्ये २.६.३१ बरोबर. पुढे कित्येक ड्रायव्हरांनी दोन्ही घेतल्या : दर्शनी बाजूला जीईएम, आत टीटीएम. एकाच बफरला (मेमरीच्या एका तुकड्याला) दोन रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती जण वापरतायत याच्या दोन मोजण्या, हा त्या तडजोडीचा वारसा. २०१९ मध्ये टीटीएमच्या ऑब्जेक्टच्या (बफरची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या) पोटातच जीईएमचं ऑब्जेक्ट बसवलं गेलं, तरी मोजण्या दोन राहिल्याच.

पण सगळ्यात जास्त घोळ घालणारा शब्द म्हणजे हँडल. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवली आणि हातात नंबराची पावती आली असं समजा. जीईएम प्रोग्रॅमला तसाच एक आकडा देतं. या हँडलचा ऑब्जेक्टवर स्वतःचा रेफरन्स असतो, म्हणजे 'मी हे वापरतोय' अशी नोंद; शेवटची नोंद सुटली की जागा मोकळी. म्हणून ड्रायव्हर ऑब्जेक्ट तयार करतो, हँडल काढतो आणि आपल्याकडचा रेफरन्स लगेच सोडून देतो. इथवर सगळं ठीक. आता पुढच्याच ओळीत त्याने त्याच पॉइंटरमधून (ऑब्जेक्टच्या मेमरीतल्या पत्त्यावरून) बफरचा आकार वाचला तर? वाचणाऱ्याला वाटतं, हँडलचा रेफरन्स आहे की, ऑब्जेक्ट जाईल कुठे! पण हे आकडे १, २, ३ असे वाढत जातात. त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) पुढचा आकडा ओळखून ते हँडल बंद करायला सांगू शकतो, तेही पहिल्याच्या हातात पावती पडण्याआधी. ऑब्जेक्टची जागा मोकळी होते आणि ड्रायव्हर अजून तिथूनच वाचत असतो. २०२२ सरता सरता व्हर्टआयओ आणि पॅनफ्रॉस्ट या दोन ड्रायव्हरांत हीच चूक दुरुस्त करावी लागली.

जुन्या साधनांच्या हाती ही चूक सहजासहजी लागत नाही. कासान हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन २०१५ पासून कर्नलमध्ये आहे, पण कोड चालताना दोन थ्रेडांमधली ती शर्यत प्रत्यक्ष घडली तरच ते ओरडणार. म्हणजे वाचून पकडणारा कुणीतरी हवाच, आणि माझ्या मते एआयचा खरा उपयोग इथेच आहे.

आता गुणांचं. दुरुस्तीच्या पॅचमध्ये 'फिक्सेस' अशी एक ओळ असते, मूळ चूक कोणत्या कमिटमध्ये (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलात) शिरली ते सांगणारी. तो जुना कमिट एआयपुढे ठेवायचा आणि चूक सापडते का बघायचं, ही सोपी पद्धत. पण ती दुरुस्ती कधीच सार्वजनिक झालेली असते, मॉडेलने ती प्रशिक्षणातच वाचलेली असू शकते. शिवाय अशा परीक्षेत सगळेच पॅच चुकीचे, त्यामुळे बरोबर पॅचवर किती खोटे इशारे येतील ते कळतच नाही. तो भार कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या वेळेवर पडतो. मे २०२५ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने आपला प्रयोग जाहीर केला : कर्नलमधल्या फाइल-सर्व्हरच्या कोडमधली, त्याला आधीच माहीत असलेली एक यूज-आफ्टर-फ्री (मोकळी झालेली मेमरी वापरण्याची) चूक त्याने मॉडेलला १०० वेळा शोधायला लावली. ८ वेळा ती सापडली. खोटे इशारे २८. पुढे जास्त कोड देऊन केलेल्या प्रयत्नांत एक नवी, खरी चूकही हाती लागली. विषय ग्राफिक्सचा नव्हता, पण चुकीची जात हीच.

हँडलच्या उदाहरणात आणखी एक पेच आहे. एआयने रेफरन्स सोडण्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि 'हा रेफरन्स सोडायला नको होता' असं कारण दिलं, तर ओळ जवळपास बरोबर, कारण साफ चूक. ओळींवरून गुण देणारी पद्धत याला पास करते. मला ते मान्य नाही. त्या सल्ल्याने कुणी रेफरन्स सोडायचाच बंद केला तर मेमरी गळायला लागेल. सोडण्याआधी आकार वाचून घ्या, एवढीच खरी दुरुस्ती.

२०२३ मध्ये कर्नलच्या ६.६ आवृत्तीपासून जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) व्हर्च्युअल पत्त्यांचा हिशेब ठेवणारा, अनेक ड्रायव्हरांना वापरता येणारा सामाईक कोडही आला. कोणती गोष्ट कधीपर्यंत जिवंत राहते याचे बरेच नियम आता ड्रायव्हरच्या फाइलीत नसून अशा सामाईक कोडमध्ये असतात. नुसता पॅच दाखवून परीक्षा घेतली तर हे नियम एआयपुढे येतच नाहीत.

म्हणून आम्ही जोडीने देतो : चूक असलेला कोड आणि तोच दुरुस्त केलेला, सामाईक फाइलींसकट. पहिल्यावर बोलायला हवं, दुसऱ्यावर गप्प बसायला हवं. गेल्या रविवारी पहिल्यावर कारण अचूक आलं, दुसऱ्यावरही शब्दशः तेच आलं. मी शून्य दिला. दोघांनी अर्धा दिला, आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवलेत.