रंगूनचा जेल: एका कोल्हापुरी हवाई सैनिकाच्या शोधामागचा इतिहास

आज्जीचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात विमानदळात होते. त्यांचा विषय निघाला की घरातली म्हातारी माणसं आवाज खाली आणायची, कारण ते 'रंगूनच्या जेलात' होते. शिवाजी पेठेत जेल म्हटलं की चोरी नाहीतर मारामारी. माणूस परत आला, संसार केला, गेला. तो शब्द मात्र घराला चिकटला तो चिकटलाच. ट्रंकेत एक फोटो आणि एक तार उरली. तारेचा कागद घडीवर विरलाय, पण 'मिसिंग' हा शब्द आणि त्यांचा सर्व्हिस नंबर अजून वाचता येतो. माझा शोध त्या नंबरापासून सुरू झाला.

भारतीय हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. पहिली तुकडी 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिघ रोडला उभी राहिली. चार वापिटी विमानं, मोजके अधिकारी आणि 19 'हवाई सिपाही', एवढाच तिचा पसारा. महायुद्ध संपेपर्यंत नऊ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, झाल्या आणि त्यांची मुख्य लढाई ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाली. आपल्याकडची पोरं तेव्हा मिलिट्रीत जायची म्हणजे बेळगावला, मराठा पलटणीत. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये, उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला होता खरा, पण विमानदळात घरचं माणूस असणं ही गोष्ट पेठेत नवीच होती.

आता जेलाकडे येतो. युद्धकैद्याला छावणीत ठेवतात, मग हे तुरुंगात कसे? 1929 च्या जिनिव्हा करारावर जपाननं सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. त्यातच एप्रिल 1942 मध्ये डूलिटलच्या अमेरिकन विमानांनी टोकियोवर बाँब टाकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानी लष्करानं नियम काढला, की नागरी वस्तीवर हल्ला करणारा वैमानिक हा युद्धकैदी नव्हे, गुन्हेगार. हा शिक्का प्रत्यक्षात पकडलेल्या कुठल्याही वैमानिकावर बसू लागला. रंगूनचा सेंट्रल जेल इंग्रजांनीच बांधलेला, चाकाच्या आऱ्यांसारख्या लांबट इमारतींचा. ब्रिटिश, अमेरिकन, चिनी, भारतीय कैदी वेगवेगळ्या आवारांत असायचे. विमानातून पडून हाती लागलेल्यांना महिनोन्‌महिने एकांतकोठडी. मूठभर भात, बेरीबेरी (निकस आहारानं पाय सुजवणारा रोग), आमांश, चिघळणाऱ्या जखमा. त्यांची नावं रेडक्रॉसला कळवली जात नव्हती, त्यामुळे पत्र नाही, पार्सल नाही. पणजी रोज पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यात बसायची, असं आज्जी सांगायची. पत्र न येण्याचं कारण तिला कुणी सांगितलंच नाही.

त्याच काळात, 1943 पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांची आठवण कोल्हापूर आजही मायेनं काढतं, आणि काढायलाच हवी. आपल्या घरच्या कैद्याची आठवण मात्र आम्ही ट्रंकेत कोंडून ठेवली, याचं मला फार वाईट वाटतं.

25 एप्रिल 1945 ला चालू शकणाऱ्या सुमारे चारशे कैद्यांना जपान्यांनी पेगूच्या दिशेनं पायी नेलं आणि चार दिवसांनी वाटेत सोडून दिलं. उरलेल्यांना एका सकाळी फाटकावर चिठ्ठी दिसली, पहारेकरी रातोरात निघून गेले होते. आपल्याच विमानांनी बाँब टाकू नयेत म्हणून कैद्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत 'जपानी गेले' असं इंग्रजीत रंगवलं. मामाआजोबा या मागे राहिलेल्यांत होते. पाय सुजल्यामुळे त्यांना चालवत नव्हतं.

कागद विखुरले त्यालाही कारण आहे. युद्ध इंग्रजांच्या हुकमतीखाली लढलं गेलं, म्हणून सुटलेल्या कैद्यांकडून भरून घेतलेले फॉर्म आणि स्क्वाड्रनच्या रोजच्या उड्डाणांच्या नोंदी लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. 1947 मध्ये हवाई दलाचीही फाळणी झाली, 6 आणि 9 नंबरच्या स्क्वाड्रन पाकिस्तानकडे गेल्या. सेवेचा तपशील दिल्लीत मागावा लागतो. आणि नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा काही भरवसा नसतो, त्यामुळे सगळीकडे खरा आधार त्या नंबराचाच.

गेल्या आठवड्यात अर्ज भरला. 'कैदेचं ठिकाण' या रकान्यात 'रंगून सेंट्रल जेल' असं पूर्ण लिहिलं आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.