रेसिंग कार्ट इंजिन : कार्बोरेटर आणि इंधनाचे दोष ओळखणे

कार्टचे, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीचे, इंजिन ओढत नाही, मिसिंग करते किंवा पेट्रोल ओकते, तेव्हा बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवण्याची ही पद्धत. येथे 125 सीसीची टू-स्ट्रोक इंजिने गृहीत धरली आहेत. रोटॅक्स मॅक्सवर डेलॉर्टोचा व्हीएचएसबी 34 हा फ्लोटचा कार्बोरेटर येतो (यात तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो) आणि त्याचे हवा-पेट्रोलचे मिश्रण जेट (पेट्रोल जाण्याचे मापाचे भोक) व नीडल (ते कमीजास्त करणारी सुई) बदलून ठरते. आयामे एक्स 30 वर टिलॉटसनचा डायफ्रामचा (लवचिक पडद्यावर चालणारा) कार्बोरेटर असतो, तिथे एल (कमी फेऱ्यांसाठी) आणि एच (जास्त फेऱ्यांसाठी) हे दोन स्क्रू फिरवावे लागतात.

पुण्यात चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरवर हात बसलेले मेकॅनिक पुष्कळ आहेत. पण आयडलवर कान देऊन स्क्रू लावायची स्कूटरची सवय कार्टला उपयोगी पडत नाही. कार्ट बहुतेक वेळ पूर्ण थ्रॉटलवर, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर पळते. स्टँडवर गोड वाजणारे इंजिन सरळ पट्ट्यात लीन होऊन (मिश्रणात पेट्रोल कमी पडून) पिस्टन धरू शकते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो.

स्क्रूला हात लावण्याआधी पेट्रोल पोचते का ते पाहावे. टाकीची हवेची नळी दुमडली किंवा कचऱ्याने बुजली, की ट्रॅकच्या दोन-तीन फेऱ्या नीट होतात आणि मग इंजिन मरते. झाकण सैल करून ते परत चालू लागले, तर दोष तिथेच. पारदर्शक नळीत बुडबुड्यांची सलग रांग दिसली, तर पंपाच्या आधी कुठेतरी हवा शिरते आहे. रोटॅक्सचा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, त्यामुळे ती नळी चिरली तरी कार्बोरेटर उपाशी राहतो. यानंतर हवेची गळती. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे 0.4 बार दाब भरावा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे. फेस फुगला किंवा काटा उतरला, तर गॅस्केट किंवा क्रँक सील गेले आहे. अशा इंजिनावर जेट मोठे करत बसणे म्हणजे दुखणे झाकणे.

डायफ्राम कार्बोरेटरची खरी परीक्षा पॉप-ऑफची, म्हणजे पेट्रोल आत सोडणारी इनलेट नीडल किती दाबाला उघडते ते पाहण्याची. पेट्रोलच्या तोटीला गेजचा हातपंप जोडून इनलेट नीडलवर पेट्रोलचा थेंब सोडावा, कारण कोरडी नीडल चुकीचा आकडा दाखवते. दाब हळूहळू वाढवला की एक्स 30 वर साधारण 10 पीएसआयला नीडल ‘फट्’ करून उघडते. काटा खाली येऊन एका आकड्यावर थांबला पाहिजे. तो घसरतच राहिला तर नीडल बसते त्या सीटवर कचरा आहे किंवा नीडलचे टोक झिजले आहे, आणि इंजिन रिच होऊन (पेट्रोल जास्त होऊन) भिजणार. आकडा फार वर गेला, तर वळणातून बाहेर पडताना पेट्रोल उशिरा येते आणि गाडी अडखळते.

अडखळणे लीनमुळेही होते आणि रिचमुळेही. रिच इंजिन घरघरते, वरच्या फेऱ्यांवर फोर-स्ट्रोकसारखे एक ठोका सोडून वाजते. लीन इंजिन खणखणीत वाजते आणि पट्ट्याच्या शेवटी फेऱ्या चढायच्या थांबतात. खात्री नसेल तर चालकाने सरळ पट्ट्यात एअरबॉक्सचे (हवा आत घेणाऱ्या डब्याचे) तोंड क्षणभर हाताने अर्धवट झाकावे : इंजिन उचलले तर ते लीन होते, आणखी बसले तर रिच. स्पार्क प्लगचा रंग पाहायचा तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून, कार्ट घरंगळत थांबवून. पिटपर्यंत हळू चालवत आणलेला प्लग आयडलचे चित्र दाखवतो. कॉफीचा रंग ठीक, ओली काजळी रिच, पांढरट ठिपके धोक्याचे.

डेलॉर्टोचे 165 नंबरचे मेन जेट म्हणजे 1.65 मिमीचे भोक. तारेने कोरून ते 0.03 मिमी जरी वाढले, तरी ते 168 होऊन बसते. म्हणून जेट फक्त क्लीनर आणि हवेने साफ करावे.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे, म्हणजे हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ. इथे लावलेले इंजिन तसेच चेन्नईच्या ट्रॅकवर नेले तर ते लीन पडते आणि 165 च्या जागी 168 च्या आसपासचे जेट लागते. पुण्यातच डिसेंबरच्या पहाटेचे 12 अंश दुपारी 30 झाले, की सकाळचे सेटिंग रिच वाटू लागते.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलवर ठरवलेले जेट लीन ठरते. इथेनॉल किती हे घरी मोजता येते : 100 मिलीच्या मोजपात्रात 20 मिली पाणी व 80 मिली पेट्रोल हलवून ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर 36 मिलीच्या आसपास गेला तर ते सुमारे 20 टक्के. तपासलेले पेट्रोल इंजिनात घालू नये. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन हवेतला ओलावा ओढतो आणि पाणी मिसळलेले इथेनॉल तळाशी बसते. पेट्रोल टाकीच्या तळातून ओढले जात असल्याने पहिला घोट त्याचाच जातो.

ऑइलचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. 2 टक्के सांगितले असेल तर 5 लिटरला 100 मिली. ‘थोडे जास्त घातले की इंजिन वाचते’ हा समज घातक आहे : जास्तीच्या ऑइलने जेटमधून जाणारे पेट्रोल तेवढे कमी होते आणि मिश्रण लीन होते.

कार्ट आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल रिकामा करावा. पेट्रोल उडून जाते, मागे उरलेले ऑइल चिकट होऊन आधी आयडल जेट बुजवते. अशा वेळी इंजिन चोकवर चालू होते, पण चोक सोडला की बंद पडते.