तांब्याभर धुकं

२० मे १९७५ची रात्र. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठावर बफेलो हे शहर आहे. तिथल्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये आइस हॉकीच्या स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना चालू होता. घरचा संघ बफेलो सेबर्स, समोर आदल्या वर्षीचे विजेते फिलाडेल्फिया फ्लायर्स. जो आधी चार सामने जिंकेल त्याचा कप, आणि पहिले दोन फ्लायर्सच्या खिशात. बाहेर उकाडा होता. सभागृहात वातानुकूलन नव्हतं. पंधरा हजारांहून जास्त माणसं दाटीवाटीनं बसली होती. आणि खाली बर्फावर, खेळाडूंच्या पायांभोवती सुरू झालेलं पांढरं धुकं हळूहळू वर चढत होतं.

खेळ पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. थांबला की दोन्ही संघांचे खेळाडू गोल गोल चकरा मारायचे, म्हणजे हवा ढवळली जाईल. मग सभागृहाचे कर्मचारी पलंगावरच्या चादरी दोन्ही हातांत धरून बर्फावर उतरले आणि त्या फडकवत धुकं हाकलू लागले. दोन-चार मिनिटं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, साफ दिसायचं, की पुन्हा पांढरं. त्यातच एक वटवाघूळ छपरातून खाली उतरून खेळाडूंच्या डोक्यावरून घिरट्या घालत होतं. सेबर्सच्या जिम लॉरेन्झनं स्टिकचा एक फटका मारून ते पाडलं आणि फ्लायर्सच्या रिक मॅक्लीशनं ते हातानं उचलून बाजूला नेलं. त्या मुक्या जिवाबद्दल मला आजही वाईट वाटतं. लॉरेन्झला नंतर लोकांची रागाची पत्रंही आली.

निर्धारित वेळ संपली तेव्हा ४-४ अशी बरोबरी होती. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकणार. एकोणिसाव्या मिनिटाला सेबर्सच्या रेने रॉबर्टनं उजव्या बाजूनं, अवघड कोनातून फटका मारला. फ्लायर्सचा गोलरक्षक बर्नी परां त्या काळातला सर्वोत्तम गोलरक्षक मानला जायचा. त्याला पक, म्हणजे या खेळातली चकती, दिसली, पण उशिरा. सेबर्स ५-४ने जिंकले.

हॉकीप्रेमी हा सामना ‘धुक्यातला सामना’ म्हणून ओळखतात आणि त्याच्याकडे एक गंमत म्हणून बघतात. मला तो पाण्याच्या भौतिकशास्त्राचा एक फार सुंदर धडा वाटतो. बर्फाचं रिंक राखायचं म्हणजे भरपूर थंडी निर्माण करायची, असं आपल्याला वाटतं. थंडी तर बफेलोतही होती. जमिनीखालच्या नळ्यांमधून शून्याच्या कितीतरी खालचं खारं पाणी फिरत होतं, बर्फ गोठलेला होता. कमी होता तो कोरडेपणा.

आता हवेचा हिशेब बघू. हवेत पाण्याची वाफ किती मावेल हे तापमानावर ठरतं, आणि हा आकडा तापमानाबरोबर झपाट्यानं बदलतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. समजा सभागृहातली हवा २८ अंशांवर आहे आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के. म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे १६ ग्रॅम वाफ. ही हवा बर्फाजवळ येऊन ५ अंशांपर्यंत गार झाली, तर तिला ७ ग्रॅमही धरवत नाहीत. उरलेल्या ९ ग्रॅमना कुठेतरी उतरावंच लागतं. बरीचशी वाफ थेट बर्फावर बसते. थोडी हवेतल्या धुळीच्या कणांभोवती जमून बारीक थेंब बनते. ते थेंब म्हणजे धुकं.

पावसाळ्यात फ्रीझरचं दार उघडून हे घरीच बघता येतं. पांढरा लोट बाहेर येतो आणि वर न जाता दाराच्या कडेवरून खाली, आपल्या पायांकडे ओघळतो. गार हवा जड असते, ती खालीच बसते. रिंकवर तर तिला बाहेर पडायला वाटही नसते. चारही बाजूंनी मीटरभर उंच फळ्या आणि त्यांच्यावर काच. साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असं ते एक उथळ ताटच म्हणा ना. त्यात गार हवा भरलेली, वर गरम हवेचं झाकण. गरम हवा वर आणि गार हवा खाली, अशी रचना एकदा जमली की हवा आपणहून ढवळली जात नाही. खंडाळ्याच्या घाटात थंडीच्या पहाटे दरी धुक्यानं भरलेली असते, कडे मात्र उघडे असतात, त्याचं कारणही बरंचसं हेच.

मग चादरी फडकवून काय व्हायचं? वरची गरम हवा खाली ओढली जायची. ती गरम असल्यामुळे थेंब पुन्हा वाफ होऊन नाहीसे व्हायचे आणि पक दिसायला लागायची. पण त्याच हवेबरोबर नव्या वाफेचा साठाही बर्फापर्यंत यायचा. ती हवा गार झाली की धुकं पुन्हा तयार. बिचारे कर्मचारी चादर फडकवून पुढच्या धुक्याचीच सामग्री खाली आणत होते. दुसरा इलाजही नव्हता म्हणा.

या धुक्यात पाणी होतं तरी किती? मी हिशेब मांडून बघितला. दाट धुक्यात एका घनमीटरमागे पाणी असतं साधारण ग्रॅमचा पाचवा हिस्सा. रिंकवर दोन मीटर उंचीचा थर धरला, तर एकूण जागा झाली तीन हजार घनमीटरच्या आसपास. म्हणजे सगळं मिळून सहाशे ग्रॅम पाणी. आपल्या देवघरातल्या तांब्यात मावेल एवढं!

एवढ्याशा पाण्यानं जगातल्या सगळ्यात वेगवान सांघिक खेळांपैकी एकाची अंतिम मालिका अडवली, कारण ते पाणी विलक्षण बारीक चिरलेलं होतं. धुक्याचा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. आपल्या तांब्याचे असे थेंब केले तर ते एक लाख कोटीच्या पुढे जातात. तांब्यातल्या पाण्याचा पृष्ठभाग तळहाताएवढा. थेंबांचा मिळून पृष्ठभाग साडेतीनशे चौरस मीटरहून जास्त, म्हणजे तीन-चार ऐसपैस फ्लॅटच्या फरशीएवढा. त्या प्रत्येक थेंबावर दिव्यांचा प्रकाश आदळतो आणि सगळीकडे विखुरतो.

नुकसान होतं ते इथे. आइस हॉकीतली पक म्हणजे कडक केलेल्या रबराची काळी चकती. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. बर्फ मुळात पारदर्शक असतो, तो पांढरा दिसावा म्हणून त्याच्या थरांखाली मुद्दाम पांढरा रंग देतात. पांढऱ्यावर काळं, एवढ्या एका फरकावर डोळा पकचा माग काढतो. धुक्यात विखुरलेला प्रकाश त्या काळ्यावर पांढरी साय चढवतो. वरच्या हिशेबातलं धुकं धरलं, तर वीस मीटरवर काळ्या-पांढऱ्यातला फरक जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. ताशी १६० किलोमीटर वेगानं मारलेली पक वीस मीटर कापायला अर्धा सेकंदही घेत नाही, आणि डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला त्यातले निदान दोन दशांश सेकंद लागतातच. परांसारख्या गोलरक्षकाची सगळी करामत उरलेल्या वेळात. धुक्यानं नेमका तोच वेळ खाल्ला.

पण धुकं हा वाफेचा दिसणारा भाग झाला, सुटी चिल्लर म्हणा. मोठा व्यवहार बर्फाच्या पृष्ठभागावर चालतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

वाफेचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो वाफ बर्फावर बसून गोठली, तर तिनं सोडलेली उष्णता शून्य अंशावरचा साडेआठ किलो बर्फ वितळवायला पुरेल. आणि वाफेचा तोटा कधीच नसतो. निवांत बसलेला माणूससुद्धा श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला पन्नासेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पंधरा हजार माणसांचं मिळून तासाला साडेसातशे लिटर. शिवाय प्रत्येकाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता निघते, म्हणजे पंधरा लाख वॅट. ही उकडलेल्या जागेत ओरडणाऱ्यांची नव्हे, शांत बसलेल्यांची आकडेवारी आहे. आपल्या संघाला जिवाच्या आकांतानं साद घालणारे प्रेक्षक त्याच संघाच्या पायाखालचा बर्फ मऊ करत असतात.

बर्फ मऊ झाला तर बिघडतं काय, हे समजायला तो मुळात निसरडा का असतो हे बघायला हवं. पूर्वी पाठ्यपुस्तकांत एक उत्तर ठरलेलं असायचं. स्केटच्या पात्याच्या दाबानं बर्फ वितळतो आणि पाणी वंगणाचं काम करतं. हे उत्तर आकड्यांपुढे टिकत नाही. एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेएवढा, दाब वाढला तर बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागानंही घसरत नाही. उणे ५ अंशांचा बर्फ दाबानं वितळवायला सहाशेच्या आसपास वातावरणांचा दाब लागेल. आणि साध्या बुटानंही आपण बर्फावर घसरतोच की. १९३९मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवलं. त्याही आधी, १८५०च्या सुमारास, मायकेल फॅरेडेला वाटत होतं की गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या अंगावर पाण्यासारखा एक पातळ थर असतो. बर्फाचे दोन खडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, हा त्याचा पुरावा. चौपाटीवरचा गोळेवाला किसलेला बर्फ मुठीत दाबून काडीवर बसवतो तेव्हा हेच घडतं, फक्त त्याला दाबाचीही मदत असते. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून शेजारी नसतो, म्हणून ते सैल असतात, जागच्या जागी लोळू शकतात. २०१८मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्झच्या संशोधकांनी पोलाद आणि बर्फ यांच्यातलं घर्षण वेगवेगळ्या तापमानांना मोजलं. ते सगळ्यात कमी भरलं उणे ७ अंशांच्या आसपास. त्याहून थंडीत रेणू जखडले जातात, त्याहून उबेत बर्फ इतका मऊ होतो की पोलाद त्यात रुततं.

हॉकीचा बर्फ त्या बिंदूच्या जरा उबदार बाजूला, उणे ४ ते उणे ६ अंशांवर ठेवतात, कारण पातं किंचित रुतल्याशिवाय खेळाडूला वळता आणि थांबता येत नाही. जाडी साधारण ३ सेंटीमीटर. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन अंशांच्या पट्टीत. वाफ बसून वरचा थर उबदार झाला की पाती त्याला नांगरतात, भुगा साचतो, पक अडखळते आणि उड्या मारते. पक आधी फ्रीझरमध्ये गोठवून ठेवतात त्याचं कारणही हेच, थंड रबर कमी उसळतं. मध्यंतरात बर्फ नीट करणारं झँबोनी यंत्र फिरतं ते गरम पाणी पसरत. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते ओरखड्यांच्या कडा वितळवून त्यांत मुरतं, म्हणून नवा थर घट्ट आणि गुळगुळीत बसतो. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावच्या फ्रँक झँबोनीनं हे यंत्र १९४९मध्ये बनवलं. त्याचं घराणं बर्फाच्या लाद्या विकायचं. घरोघरी फ्रिज आले, तो धंदा बसला आणि भावंडांनी रिंक काढलं होतं.

बफेलोचा धडा सगळीकडे पोचला नव्हता. २४ मे १९८८ला बॉस्टन गार्डन या १९२८ साली उघडलेल्या, वातानुकूलन नसलेल्या सभागृहात एडमंटन ऑयलर्स आणि बॉस्टन ब्रुइन्स यांच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना चालू होता. तिथेही उकाडा आणि धुकं. दुसऱ्या सत्रात ३-३ अशी बरोबरी असताना दिवेच गेले. सामना सोडून द्यावा लागला. पुढचा सामना एडमंटनला झाला, ऑयलर्सनी ६-३ने जिंकून कप घेतला.

२०२४मध्ये मात्र अंतिम मालिका थेट फ्लोरिडात रंगली, फ्लोरिडा पँथर्स विरुद्ध ऑयलर्स. पँथर्सनी पहिले तीन सामने घेतले, ऑयलर्सनी पुढचे तीन. सातवा, २४ जूनला, मायामीच्या उत्तरेला सनराइझ या गावी. जूनमधली तिथली हवा म्हणजे आपल्या कोकणातली हवा. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो, तेवीस-चोवीस अंशांवर, सावलीतही सदरा अंगाला चिकटलेला. आणि आत बर्फ कडक, शेवटच्या मिनिटापर्यंत पक स्वच्छ दिसत होती. पँथर्स २-१ने जिंकले.

अशा सभागृहात बर्फाच्या यंत्रांइतकीच महत्त्वाची असतात हवा सुकवणारी यंत्रं. काहींत हवा गार नळ्यांवरून नेऊन पाणी आधीच गाळून घेतात. काहींत सिलिका जेलसारख्या शोषक पदार्थाचं मोठं चाक हळूहळू फिरत असतं. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नये’ असं लिहिलेली छोटी पुडी असते ना, तोच पदार्थ. चाकाचा एक भाग आतल्या हवेतली वाफ शोषतो, तेवढ्यात दुसऱ्या भागावर गरम हवा सोडून तो सुकवतात. लक्ष्य असतं आत १६-१७ अंश तापमान आणि ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. म्हणजे दर घनमीटरमागे जेमतेम साडेपाच ग्रॅम वाफ, बाहेरच्या पाव हिश्श्याएवढी.

बफेलोची ती मालिका पुढे २-२ झाली. पाचवा सामना फिलाडेल्फियात फ्लायर्सनी ५-१ असा घेतला. २७ मे रोजी दोन्ही संघ पुन्हा त्याच, वातानुकूलन नसलेल्या सभागृहात उतरले. फ्लायर्स २-०ने जिंकले, कप त्यांचा झाला, आणि त्या मोसमाच्या बाद फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला बर्नी परां. त्या रात्री त्याच्या नजरेतून एकही पक सुटली नाही.