थायोडायग्लायकॉलचा ड्रम आणि सीमेवरचे कागद

थायोडायग्लायकॉल हा पाण्यात सहज मिसळणारा, घट्टसर द्रव आहे. बॉलपेनच्या शाईत आणि कापड रंगवताना रंग विरघळवायला तो वापरतात. पण मस्टर्ड वायू हे कातडी आणि फुप्फुसे भाजणारे रासायनिक शस्त्र त्याच्यापासून अवघ्या एका रासायनिक पायरीवर आहे. बंदरात उभा असलेला ड्रम शाईच्या कारखान्यात चालला आहे की शस्त्राच्या, हे नुसत्या तपासणीने कळत नाही. दोन्हीकडे माल एकच असतो. म्हणून रसायनांवरच्या नियंत्रणाचा इतिहास हा मुख्यतः कागदपत्रांचा इतिहास आहे.

१९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात विषारी वायू वापरायला बंदी घातली. तो तयार करणे, साठवणे किंवा त्याचा कच्चा माल विकणे यांवर मात्र काहीच बंधन नव्हते. या उणिवेची किंमत इराण-इराक युद्धात मोजावी लागली. मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणमध्ये मस्टर्ड आणि टॅब्यून हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष वापरल्याचे सिद्ध केले. ते वापरणाऱ्या इराककडे कच्चा माल पोचत होता तो साध्या व्यापारी मार्गांनी. फ्रान्स व्हान अनराट या डच व्यापाऱ्याने हजार टनांहून जास्त थायोडायग्लायकॉल तिकडे पाठवले होते. २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती वाढली.

१९८४ नंतर देशांनी आपापले निर्बंध लावले, पण प्रत्येकाची यादी वेगळी. एका देशात अडलेला माल शेजारच्या देशातून सुटायचा. हे थांबवण्यासाठी जून १९८५ मध्ये १५ देश ब्रुसेल्सला जमले आणि निर्यातीचे निर्बंध एकसारखे ठेवणारा ऑस्ट्रेलिया ग्रुप हा देशांचा गट सुरू झाला. भारत त्यात जानेवारी २०१८ मध्ये आला.

खरी चौकट बसली ती रासायनिक शस्त्रास्त्र कराराने. तो २९ एप्रिल १९९७ ला लागू झाला. त्यात रसायनांच्या तीन अनुसूच्या, म्हणजे याद्या आहेत; पहिलीवरचे नियम सगळ्यांत कडक. थायोडायग्लायकॉल दुसरीत आहे. वर्षाला १ टनाच्या वर ते बनवणाऱ्या, वापरणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याची माहिती द्यावी लागते आणि १० टनांच्या वर गेले की तो तपासणीच्या कक्षेत येतो. करारात नसलेल्या देशाशी या अनुसूचीतला व्यापार २००० सालापासून बंद आहे. तिसरीत ट्रायइथेनॉलअमाइनसारखी टनावारी खपणारी रसायने आहेत. करारात नसलेल्या देशाला ती पाठवायची तर तिथल्या सरकारकडून अंतिम वापराचा दाखला लागतो. आपल्याकडे हा करार राबवणारा २००० चा कायदा आणि परवान्याशिवाय निर्यात न करता येणाऱ्या मालाची ‘स्कोमेट’ यादी हेच काम करते. लोटे, महाड, तारापूरच्या कारखानदारांनी निर्यातीची ऑर्डर घेण्याआधीच ही यादी बघितलेली बरी.

अडचण बहुतेकदा नावात येते. करारात थायोडायग्लायकॉल ‘बिस टू-हायड्रॉक्सीइथाइल सल्फाइड’ म्हणून आहे आणि बाजारात ते एकेकाळी ‘क्रोमफॅक्स’ म्हणूनही विकले जात होते. कस्टम्सच्या जागतिक वर्गीकरणात २०१७ पर्यंत त्याला स्वतःचा सहा-आकडी कोडच नव्हता. इतर गंधकयुक्त सेंद्रिय संयुगांच्या ढिगात ते जायचे. त्या साली २९३०.७० हा कोड मिळाला. म्हणून बीजकावर व्यापारी नावासोबत १११-४८-८ हा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला जागतिक ओळख क्रमांक, छापणे सगळ्यांत भरवशाचे. नाव बदलले तरी तो बदलत नाही.

नियम कडक केल्याने निरुपद्रवी काम अडते, हेही लवकरच दिसले. शिंपल्यांमधले विष तपासायला सॅक्सिटॉक्सिन हे तेच विष तुलनेसाठी लागते, पण ते पहिल्या अनुसूचीत असल्याने काही मिलिग्रॅम सीमेपार पाठवायलाही ३० दिवस आधी सूचना द्यावी लागे. १९९९ मध्ये वैद्यकीय आणि निदानाच्या कामासाठी ५ मिलिग्रॅमपर्यंत ही मुदत काढली. आता पाठवतेवेळी कळवले की पुरते. ही दुरुस्ती शहाणपणाची होती.

एक दोष अजून राहिला आहे. डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोचते. एक देश माल या वर्षात दाखवतो, दुसरा पुढच्या. करारानुसार देश दरवर्षी देतात त्या अहवालांतले आकडे जुळत नाहीत, आणि तफावत तारखेमुळे आहे की वाटेत ड्रम कमी झाल्यामुळे, हे ठरवायला दोन्हीकडची बिले ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याच्या पावत्या) एकेक करून मिळवावी लागतात.