प्रतीकार्थी वाचन (बायबल)

बायबलमधील व्यक्ती, वस्तू किंवा घटना यांचा अक्षरार्थ धरून त्यापलीकडचा अर्थ शोधण्याची वाचनपद्धती. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे कॅथलिक चर्च ज्याच्या नावाचे आहे, त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या तोंडीच तिचे सर्वांत ओळखीचे उदाहरण सापडते: येशूला तो ‘देवाचा कोकरा’ म्हणतो (योहान १:२९, म्हणजे योहान या ग्रंथाचा अध्याय १, वचन २९).

याचा उलगडा करायला जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाचा १२ वा अध्याय उघडावा लागतो. वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातील गुलामीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचा, कोकरा एक वर्षाचा, नर आणि निर्दोष हवा. तो महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचा, चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचा, एजोब या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या चौकटीला लावायचे आणि त्याचे हाड मोडायचे नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (हा योहान बाप्तिस्मा करणाऱ्याहून वेगळा मानला जातो) क्रूसावरील येशूला आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, एजोबावरच दिली जाते (१९:२९). शिपाई त्याचे पाय मोडत नाहीत, आणि त्यात शास्त्रवचन पूर्ण झाल्याचे लेखक स्वतः सांगतो (१९:३६). इथला प्रतीकार्थ वाचकाने बाहेरून लादलेला नसून ग्रंथानेच पुरवलेला आहे. म्हणूनच तो भक्कम ठरतो.

मध्ययुगीन परंपरा चार अर्थ मानते: अक्षरार्थ, ख्रिस्ताकडे व चर्चकडे नेणारा रूपकार्थ, आचाराचा नैतिक अर्थ आणि परलोकाकडे पाहणारा अर्थ. पाचव्या शतकातील मठवासी लेखक जॉन कॅसियनच्या उदाहरणात यरुशलेम म्हणजे अनुक्रमे यहुद्यांचे नगर, चर्च, माणसाचा आत्मा आणि स्वर्गीय नगर. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासने यावर अट घातली: बाकीचे अर्थ अक्षरार्थावर उभे असतात आणि युक्तिवाद फक्त अक्षरार्थावरून करता येतो. ही अट सुटली की वाचन भरकटते.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी संपूर्ण अध्याय वाचावा, कोण कोणाशी बोलतो ते पाहावे, मग त्या प्रतीकाचा खुलासा बायबलमध्येच अन्यत्र केला आहे का ते शोधावे. गणना २१ मधील, मोशेने उभारलेल्या पितळेच्या सापाचा खुलासा योहान ३:१४ मध्ये, अब्राहामाची दासी हागार व पत्नी सारा यांचा गलतीकरांस पत्र ४:२४ मध्ये आणि सात समयांचा प्रकटीकरण १:२० मध्ये मिळतो. पितळेचा साप आणि योहान ३ हे दोन्ही उतारे कॅथलिक मिस्सात (चर्चमधील मुख्य उपासनेत) १४ सप्टेंबरला, पवित्र क्रूसाच्या सणाला एकत्र वाचले जातात. मराठी मिस्साला जाणाऱ्या ठाणेकराने त्या दिवशी दोन्ही वाचने घरून वाचून जावे. त्यांची जोडणी कानाला लगेच कळते.

सर्वाधिक चुका प्रतीकांचा कोश बनवण्यातून होतात. सिंह म्हणजे ख्रिस्त, असे प्रकटीकरण ५:५ वरून पाठ करणाऱ्याला १ पेत्र ५:८ मध्ये गर्जणारा सिंह सैतान म्हणून भेटतो. खमीरही मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाच्या राज्यासाठी, तर १६:६ मध्ये परूशी या यहुदी पंथाच्या शिकवणीसाठी येते. दुसरी चूक आकड्यांची. योहान २१:११ मधील १५३ मासे १ ते १७ या अंकांची बेरीज आहेत, आणि प्राचीन चर्चचे बिशप ऑगस्टीन यांनी १७ ची फोड दहा आज्ञा व पवित्र आत्म्याची सात दाने अशी केली. हे चिंतन सुंदर आहे, पण मूळ उतारा त्याला दुजोरा देत नाही, त्यामुळे ते शिकवण म्हणून सांगू नये. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे लुटलेल्या जखमी वाटसरूला परक्या जमातीचा माणूस मदत करतो त्या येशूच्या गोष्टीत, उतारशाळा, तेल, द्राक्षारस अशा प्रत्येक वस्तूला अर्थ देण्याची प्रथाही जुनी आहे. त्यात ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न (लूक १०:२९) हरवतो आणि ‘तूही तसेच कर’ हे उत्तर कोणाला लागूच पडत नाही.