बिडाचा अवाढव्य हीटिंग बॉयलर लहान करणं

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी या पट्ट्यात, जुन्या घरांच्या तळघरात बिडाचा बॉयलर असतो, तो पाणी तापवतो किंवा वाफ करतो आणि ती उष्णता पाइपातून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरला जाते. यातले बरेच बॉयलर घराच्या गरजेच्या दुप्पट किंवा त्याहून मोठे असतात, आणि त्यांना मापात कसं आणायचं हा तिकडे घर घेणाऱ्या आपल्या मराठी लोकांपुढेही येणारा प्रश्न आहे.

मोठे का असतात? घर बांधलं तेव्हा भिंतीत इन्सुलेशन नव्हतं, खिडक्यांना एकेरी काच होती, पुढे हे सगळं सुधारलं पण बॉयलर बदलताना जुन्या बॉयलरच्या पाटीवरचा क्षमतेचा आकडा बघून तेवढाच नवा बसवला गेला. लहान पडला तर ऐन थंडीत गिऱ्हाईकाचा फोन येतो, मोठ्याची तक्रार कोणी करत नाही, बिल मात्र वर्षानुवर्षं भरत राहतात. शिवाय नळाचं गरम पाणी बॉयलरमधल्याच कॉइलमधून (नळीच्या वेटोळ्यातून) घ्यायचं असेल तर आंघोळीच्या वेळची ताकद धरून माप वाढवायचे.

मोठा बॉयलर थोडा वेळ पेटतो, पाणी लगेच तापतं, बर्नर बंद होतो, परत पेटतो. दर वेळी मधल्या काळात तापलेल्या बिडातली उष्णता तळघरात आणि धुराड्यातून बाहेर जाते. त्यामुळे पाटीवरची कार्यक्षमता प्रत्यक्षात मिळत नाही.

माप काढायची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे घरालाच विचारायचं. समजा बॉयलर तासाला १,५०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) इतकी उष्णता पाण्याला देतो, आणि बाहेर उणे १२ अंश सेल्सिअस, म्हणजे बोस्टनच्या कडक थंडीइतकं तापमान असताना बर्नर २४ तासांत एकूण ८ तासच चालला, तर घराला लागतात तासाला फक्त ५०,००० बीटीयू. (गॅसच्या बिलावरूनही काढता येतं, १ थर्म म्हणजे १,००,००० बीटीयू, फक्त त्यातून धुराड्यातून जाणारा भाग वजा करायला विसरू नये.) ठेकेदार यासाठी मॅन्युअल जे नावाची उष्णतागळतीची गणना करतात, पण तिच्यात घराचे आकडे सढळ हाताने भरले की बॉयलर परत मोठाच येतो.

वाफेच्या घरात मात्र हा हिशोब चालत नाही आणि इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. वाफेचा बॉयलर घराच्या गळतीवर नाही तर रेडिएटरांच्या एकूण मापावर ठरतो, दर चौरस फूट रेडिएशनला (रेडिएटरची उष्णता देण्याची क्षमता मोजायचं माप) तासाला २४० बीटीयू आणि पाइप तापवायला वर साधारण ३३ टक्के. म्हणून नुसतं इन्सुलेशन केलं तर वाफेचा बॉयलर लहान करता येत नाही, त्यासाठी रेडिएटर कमी करावे लागतात. गरम पाण्याच्या घरात उलट, मोठे रेडिएटर म्हणजे वरदान, कमी तापलेल्या पाण्यातही खोली ऊबदार राहते. पण गॅसच्या बिडाच्या बॉयलरमध्ये परत येणारं पाणी साधारण ५४ अंशांच्या खाली राहिलं तर धुरातल्या वाफेचं आतच पाणी होतं आणि बीड गंजतं, म्हणून परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारा बायपास किंवा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावतात.

आहे तोच बॉयलर लहान करता येतो का? तेलाच्या बर्नरला लहान नोझल बसवता येतं, उदाहरणार्थ तासाला १.२५ गॅलनऐवजी १ गॅलनचं, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेतच आणि नंतर ज्वलनाची मीटर लावून तपासणी करून. गॅसच्या बॉयलरमधल्या बर्नरच्या नळ्या बुजवायचा उद्योग तर कधीच करू नये, हवेचं प्रमाण बिघडून कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. बिडाचे सेक्शन, म्हणजे ज्या भागांना जोडून बॉयलर बनतो ते, काढून टाकणंही व्यवहारात होत नाही, कारण बर्नर, धुराचा मार्ग आणि सेक्शन हे सगळं एकमेकांच्या मापाचं असतं.

त्यामुळे खरं डाउनसायझिंग होतं ते बॉयलर बदलतानाच. तेव्हा नळाच्या पाण्याला बॉयलरच्या गरम पाण्यावर तापणारी वेगळी इनडायरेक्ट टाकी देतात, म्हणजे कॉइलसाठी मोठं माप घ्यायची गरज उरत नाही. जुन्या बॉयलरवर ॲस्बेस्टॉसचं आवरण असेल तर ते परवानाधारक माणसाकडूनच काढून घ्यावं. आणि धुराडं विसरू नये, लहान बॉयलरचा धूर मोठ्या विटांच्या धुराड्यात लवकर थंड होतो, आत ओल धरते, म्हणून बऱ्याचदा स्टेनलेस स्टीलच्या लायनरचा (धुराड्याच्या आत घालायच्या नळीचा) खर्चही धरावा लागतो.