रोहयोवरच्या बाया आणि मापाचा हिशोब

शेतमजुरीत बाईचं काम कोणतं आणि पुरुषाचं कोणतं, हे दर ठरण्याआधीच ठरलेलं असतं. खुरपणी, वेचणी, लावणी बाईकडे. नांगर, पाणी धरणं, फवारणी पुरुषाकडे. दराचा फरक मग आपोआप येतो, कुणाला तो वेगळा ठरवावा लागत नाही. महाराष्ट्रात सरकारी मातीकामावर हा फरक पुसला तो मोजणीच्या टेपने. घनमीटरला अमुक पैसे असं ठरलं की तो कुणी खणला आणि कुणी वाहिला, हे विचारायचं कारण उरत नाही. रोजगार हमी योजनेत (रोहयो) बायका एवढ्या मोठ्या संख्येने का आल्या आणि येऊनही कुठे अडल्या, ही दोन्ही उत्तरं या मापातच आहेत.

दुष्काळी कामांची परंपरा जुनी आहे, पण ती समतेची नव्हती. १८७६-७८च्या दुष्काळात मजुरी माणूस पाहून ठरे: पुरुषाला जास्त, बाईला कमी, पोराला त्याहून कमी. १८७७ साली ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी तर पुरुषाचीच मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि दख्खनमधल्या कित्येक मजुरांनी त्या दराने कामावर यायचंच नाकारलं.

१९७०पासून पाऊस हुलकावण्या देत होता, १९७२ला तो पुरताच गेला. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. जुन्या लोकांना त्यातलं आठवतं ते लाल मिलो (आयात केलेली ज्वारी), सुकडी (मजुरांना वाटलेला पौष्टिक कोरडा खाऊ) आणि रस्त्याकडेला फोडून ठेवलेल्या खडीचे ढीग. यातली बरीच खडी पुढे तशीच पडून राहिली. या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने होत्या. एरवी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला न जाणाऱ्या, जमीनवाल्या घरांतल्या बायकाही त्यांत होत्या. सरकारी काम कुणा एका मालकाचं नसतं. त्यामुळे तिथे पाटी उचलण्यात कमीपणा नव्हता, किंवा निदान तो सगळ्यांचा मिळून होता.

योजनेची कल्पना मात्र दुष्काळाआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. १९६५मध्ये तासगाव तालुक्यात त्यांनी हा प्रयोग लहान प्रमाणात करून पाहिला. १ मे १९७२ला योजना राज्यभर जाहीर झाली, पण लगेच दुष्काळी कामांनी ती झाकोळली आणि दुष्काळ ओसरल्यावरच तिला खरं रूप आलं. १९७५ला व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला हा पैसा आणि त्यात सरकारची तेवढीच भर, असा निधी उभा राहिला. १९७७मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे नावापुरताच. पण मागणारी व्यक्ती १८ वर्षांवरची असली की पुरे, ती कोणाची बायको किंवा सून आहे हा प्रश्न कायद्यात नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे हीच बाजू पातळ झाली.

आता माप. दर असे बसवलेले होते की साधारण माणसाने सात तास नेटाने काम केलं तर शेतमजुरीच्या किमान वेतनाइतके पैसे सुटावेत. मजूर टोळीने काम करत. टोळीने खणलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची, जमिनीचा प्रकार लिहायचा, मोजमाप वहीत घनमीटर काढायचे आणि हजेरीपटावरच्या दिवसांप्रमाणे पैसे वाटायचे. टोळीच्या आत बाई-पुरुष वाटणी नाही.

एक खड्डा घेऊ. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल: २.७ घनमीटर. मातीचं वजन घनमीटरला दीड-पावणेदोन टन धरलं तर सव्वाचार टनांच्या आसपास. घमेल्यात २० किलो माती बसते असं समजा, म्हणजे दोनशेच्या वर खेपा. टोळीत दोघे खणणारे आणि दोघी वाहणाऱ्या असतील, तर एकीच्या वाट्याला शंभरावर खेपा. खोदाईच्या मूळ दरात ५० मीटरपर्यंतची वाहतूक आणि दीड मीटरपर्यंतची चढ धरलेली असते. माती दहा मीटरवर टाकली काय आणि पन्नासवर टाकली काय, पैसे तेच. पन्नास मीटरवर टाकली तर तिची चाल दहा-अकरा किलोमीटर होते, त्यातली निम्मी डोक्यावर ओझं घेऊन, आणि पाझर तलावाचं काम असेल तर बांध उंच होत जातो तसतशी चढावरून. खणणाऱ्याचं काम खड्ड्यात दिसतं आणि टेपला सापडतं. वाहणारीचं काम त्या अंतरात असतं, आणि ५० मीटरच्या आत टेप तिकडे वळतच नाही.

दुसरी फसगत जमिनीच्या प्रकाराची. मऊ माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम यांचे दर वेगळे. कठीण मुरुमाला वहीत मऊ लिहिलं की आठवडाभराची मजुरी किमान वेतनाच्या खाली जाते, आणि दर बघून ती चूक पकडणारं टोळीत बहुधा कुणी नसतं. तिसरी अडचण एकट्या बाईची. विधवा, परित्यक्ता, नवरा बाहेरगावी गेलेली. टोळीला खणणारा हवा असतो आणि हिच्याबरोबर तो नसतो. तिला घेतलं तर आपला वाटा कमी पडेल असा टोळीचा हिशोब. कायद्याने हक्क तिचा, पण टोळी बसवताना ती शेवटी उरते. अशा बायकांची स्वतंत्र टोळी करून तिला हलकी जमीन किंवा रोजंदारीची कामं द्यायची, हा साधा उपाय. तो झाला का नाही, हे हजेरी सहायकावर अवलंबून असे.

एवढं असूनही बायका येत राहिल्या. १९८०च्या दशकात रोहयोवरच्या मजुरांत त्यांचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांच्या घरात होतं. काम गावाजवळ, मुकादमाची उचल नाही, दर एकच. मोठे शेतकरी ‘मजूर मिळत नाहीत’ अशी तक्रार करू लागले, याचा साधा अर्थ त्यांना बाईच्या खुरपणीचे दर वाढवावे लागत होते. १९८८मध्ये किमान वेतन सुमारे दुप्पट झालं आणि रोहयोचे दरही त्याबरोबर चढले. त्यानंतर मात्र कामं उघडायला यंत्रणा हात आखडता घेऊ लागली. मागणी तोंडी घ्यायची, पोच द्यायची नाही, हा प्रकार रुळला. तारखेची पोच नसली की पंधरा दिवस मोजायचे कुठून?

पाळणाघराची सोयही अशीच विरली. पाणी, सावली, प्रथमोपचार आणि मुलं सांभाळायला एक बाई, हे नियमात होतं. पण रस्त्याचं काम रोज पुढे सरकतं, सावलीचा मांडव मागे राहतो, आणि मुलं सांभाळणारीची मजुरी घनमीटरात बसत नाही, तिची नोंद वेगळी करावी लागते. म्हणून बाभळीला झोळी आणि झोळीपाशी सात-आठ वर्षांची मोठी बहीण. त्या बहिणीची शाळा बुडाली, ती कुठल्याच वहीत लिहिली गेली नाही.

१९९०पासून रोहयोतून खाजगी जमिनीवर फळबाग लागवड सुरू झाली, शिवाय जवाहर विहीर योजनेतल्या विहिरीही. कोकणातल्या आंबा-काजूला याने मोठा हात दिला, हे मान्यच करायला हवं. पण खड्डे खणून, पाणी घालून जगवलेली कलमं ज्या सातबाऱ्यावर, तो बहुतेक घरांत पुरुषाच्या नावाचा. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४मध्ये केली. ती मुलींसाठी होती, सुनेच्या नावे त्यातून काही झालं नाही, आणि बागेत राबणारी बहुधा सून असते.

केंद्राचा रोजगार हमी कायदा (मनरेगा) २००५चा, २ फेब्रुवारी २००६पासून २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्यात महिलांना किमान एक तृतीयांश काम हवं असं म्हटलं होतं. महाराष्ट्र या रेषेच्या आधीच पुढे होता. पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर सांभाळायला एक बाई नेमून तिला रोजची मजुरी द्यायची, हे कायद्यातच आलं, हा फायदा. बदल झाला तो मोजणीच्या एककात. राज्याच्या कायद्यात हक्क माणसाचा होता, केंद्राच्या कायद्यात १०० दिवस कुटुंबाचे. एका जॉबकार्डवर सासू, सून, दोन भाऊ असले तर शंभर दिवस कुणी खायचे हे घरात ठरायचं. महाराष्ट्राने शंभराच्या पुढचे दिवस स्वतःच्या पैशातून द्यायची तरतूद ठेवली, म्हणून इथे ही अडचण कागदावर तरी सौम्य झाली.

पैसे बँकेत किंवा पोस्टात जाऊ लागल्यावर हजेरीपटावरची खोटी नावं कमी झाली. मात्र सुरुवातीला अनेक घरांत खातं एकच आणि तेही नवऱ्याच्या नावावर, म्हणजे पूर्वी निदान रोख तिच्या हातात पडायची तीही थांबली. कामावर नाव असलेल्या प्रत्येक बाईचं स्वतंत्र खातं उघडून घेणं, हे ग्रामरोजगार सेवकाचं पहिलं काम असायला हवं होतं. ते बऱ्याच उशिरा झालं.

१ जानेवारी २०२३पासून सगळ्या सार्वजनिक कामांवर मोबाइल ॲपवर हजेरी सक्तीची झाली: सकाळी एक फोटो, दुपारनंतर दुसरा. टोळीने मापाचं काम सकाळी सहाला सुरू करून अकराला संपवलं, तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं किंवा घरी जाऊन परत यायचं. मापावर काम घेण्याचा बाईला मिळणारा मोठा फायदा हाच होता, की उन्हं चढायच्या आत उरकून ती पाण्याला आणि चुलीकडे वळू शकायची.